मिरजेत मुस्लिम शेजाऱ्यांमध्ये ख्रिस्ती सेवाकार्य सुरू करायचंय, पहिल्या वर्षी नेमकं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमची मंडळी (चर्च) लहान आहे, दर्ग्याच्या आसपास मुस्लिम वस्ती आहे आणि सुरुवात म्हणून हजार पत्रकं छापून वाटायचा विचार चाललाय. माझं स्पष्ट मत: पत्रकं छापू नका. कागदावर अल्लाहचं नाव असतं, तो कागद बाजारात पायाखाली येतो, भज्यांच्या गाड्यावर जातो. ज्या घरात कुरआन कापडात गुंडाळून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवतात, तिथे ही सरळ बेअदबी ठरते. आत काय लिहिलंय ते कोणी वाचतही नाही.

त्या पैशात चार-सहा जणांची भाषेची तयारी करा. सांगली-साताऱ्याकडचा मुस्लिम माणूस बाजारात मराठी बोलतो, घरात दखनी. "मेरेकू नक्को" म्हणणाऱ्या घरात लखनवी उर्दू परकी वाटते, आणि बरीच मुलं मराठी शाळेत शिकलेली असल्याने उर्दू लिपी सगळ्यांना वाचता येतेच असं नाही. देवनागरीत छापलेली किताब-ए-मुकद्दस, म्हणजे उर्दू बायबल, मिळते, ती घ्या.

खरी अडचण आपल्या शब्दांची आहे. आपण येशू, मोशे, दावीद, अब्राहाम, बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो. समोरच्याला ईसा, मूसा, दाऊद, इब्राहीम, याह्या माहीत असतात. मोशेची पुस्तकं म्हणजे त्याची तौरेत, स्तोत्रं म्हणजे जबूर, शुभवर्तमान म्हणजे इंजील. हे शब्द तोंडात बसायला सहा महिने लागतात, आणि ते बसेपर्यंत शिकवायला जाऊ नये. इंग्रज पाद्री हेन्री मार्टिन १८०६ मध्ये कलकत्त्याला आला, त्याने आयुष्याची उरलेली वर्षं मुख्यतः नवा करार उर्दू आणि फारसीत आणण्यात घातली. १८१२ मध्ये तो वारला, उर्दू नवा करार १८१४ मध्ये छापून आला. सुरुवात म्हणतात ती अशी असते.

"देवाचा पुत्र" या शब्दांवर गाडी हमखास अडते. सूरह इख्लासमध्ये "लम यलिद व लम यूलद" आहे: त्याने कोणाला जन्म दिला नाही, त्याला कोणी जन्म दिला नाही. लहानपणापासून पाठ असलेली आयत आहे ही. त्यामुळे "पुत्र" ऐकताच त्याच्या मनात देवाची बायको आणि बाळंतपण येतं, आणि त्याला किळस वाटते. आधी एवढंच सांगा की असं तर ख्रिस्ती माणूसही मानत नाही. मग योहानाचा पहिला अध्याय, "प्रारंभी शब्द होता". कुरआनातही ईसांना अल्लाहचा कलिमा, म्हणजे शब्द, म्हटलंय, हे बहुधा तोच तुम्हाला सांगेल. त्यालाच सांगू द्या. अर्ध्या माहितीवर कुरआनातल्या आयती तुम्ही ऐकवू लागलात की पुढची अर्धी संध्याकाळ उच्चार आणि तफसीर (अर्थविवरण) दुरुस्त करण्यात जाते.

बायबल हातात कसं धरता तेही बघितलं जातं. लाल-निळ्या पेनाने रेघा मारलेलं, कोपरे दुमडलेलं, मंडळीची चिठ्ठी आणि लाइटबिल आत खोचलेलं आपलं रोजचं बायबल आपल्याला प्रेमाची खूण वाटतं. त्यांना वाटतं, ह्यांना आपल्याच किताबेची कदर नाही. भेटीला कोरी प्रत न्या, स्वच्छ रुमालात. जमिनीवर, पायाशी किंवा चपलांच्या पिशवीत ठेवू नका. उजव्या हाताने द्या.

वाचायला लूक घ्या, त्यातही पंधरावा अध्याय, दोन मुलांचा दाखला. इस्टेट मागून निघून गेलेला मुलगा आणि वाट बघणारा बाप मिरजेत कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. एका वेळी एकच दाखला, पाऊण तास, दोन-तीन माणसं. पुरुषांनी पुरुषांबरोबर बसावं, बायकांनी बायकांबरोबर. बायकांचं काम बायकाच करू शकतात, आणि तुमच्या योजनेत एकही बाई नाही, हे मला खटकलं.

वादविवाद टाळा. १८५४ मध्ये आग्र्याला पाद्री फँडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांचा जाहीर वाद दोन दिवस चालला. फँडर मोठा विद्वान, पण युरोपातली बायबलवरची नवी चिकित्सा समोरच्यांनी वाचलेली होती आणि त्याची तयारी कमी पडली. हरणं-जिंकणं सोडा, गर्दीपुढे एकदा बाजू घेतली की मागे येणं कोणालाच जमत नाही.

घरी बोलवा, त्यांच्याकडे जा. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या वेळी जाऊ नका. रमजानमध्ये इफ्तारला बोलावलं तर मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधी पोहोचा, खजूर न्या. मटण हलाल दुकानातलंच आणा आणि तसं आपणहून सांगा, म्हणजे पाहुण्याला विचारायचा संकोच राहत नाही. नाताळच्या केकमध्ये रम असेल तर तो त्या घरी देऊ नका.

मदत आणि संदेश यांची गाठ कधीही घालू नका. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत उभारलेलं रुग्णालय गाव आजही मिशन हॉस्पिटल म्हणून ओळखतं, ते उपचारांमुळे. फी भरली, रेशन दिलं, तर त्या घरी त्या दिवशी किताब उघडू नका. आमिषाचा संशय एकदा आला की वर्षांचं काम जातं, शिवाय कायदाही आहे. घटनेचं २५ वं कलम धर्माचा प्रसार करू देतं, पण सुव्यवस्थेच्या अधीन, आणि दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलंय. जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे. परदेशातून कोणी पैसे देऊ केले तर ते एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात अजिबात घेऊ नका. त्यासाठी संस्थेची केंद्राकडे वेगळी नोंदणी लागते. राज्यातला आजचा कायदा एकदा वकिलाकडून समजून घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलाशी आईवडिलांच्या माघारी काहीही करू नका.

मोबाईलबद्दल कडक नियम ठेवा. इस्लामवर टीका करणारा एकही व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर नको. मिरजेने २००९ ची दंगल बघितलीय, आणि सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत २०२३ मध्ये समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून माणूस गेला. भेटींचे फोटोही काढू नका.

कोणी स्वतःहून "मला ईसांच्या मागे चालायचंय" म्हणालं तर लगेच बाप्तिस्म्याची तारीख ठरवू नका. घर सोडायला, नाव बदलायला सांगू नका. आईवडिलांना तोच सांगेल, त्याच्या वेळेने. विवाहित बाई असेल तर १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याप्रमाणे तिने धर्म सोडल्याने तिचा निकाह आपोआप मोडत नाही, हे तिला माहीत असायला हवं. आणि ईदला अशी माणसं स्वतःच्या घरीच जेवायला बसली पाहिजेत, तुमच्या घरी नाही.