नाताळात परदेशी मिशन सेवेला जाताना तारखा कशा ठरवाव्यात?

विमानाचं तिकीट काढण्याआधी तिथली स्थानिक मंडळी (म्हणजे चर्च) नाताळ कोणत्या दिवशी साजरा करते ते विचारा, कारण तो सगळीकडे 25 डिसेंबरला नसतो. इजिप्तची कॉप्टिक, इथिओपियाची आणि सर्बियाची ऑर्थोडॉक्स मंडळी तो 7 जानेवारीला पाळते, आर्मेनियन चर्च 6 जानेवारीला. सर्बियाचं कारण सोपं आहे: तिथलं चर्च जुनं ज्युलियन पंचांग वापरतं, ते सध्या 13 दिवस मागे आहे, म्हणून त्यांचा 25 डिसेंबर आपल्या 7 जानेवारीला येतो. त्यामुळे 20 ते 30 डिसेंबर असा दौरा आखला, तर मुख्य उपासना हुकते. शिवाय तुम्ही पोचता तेव्हा यांतल्या बहुतेक मंडळींचा उपवास चालू असतो. कॉप्टिक ख्रिस्ती नाताळाआधी 43 दिवस मांस, अंडी, दूध घेत नाहीत. अशा वेळी मुलांना दुधाची चॉकलेटं वाटली, तर घरच्यांची पंचाईत होते. भेटवस्तू, नाटिका, गाणी यांपैकी काय हवं आहे ते तिथल्या पाळकांनाच ठरवू द्या. वर्षभर मुलांसोबत तेच असतात, तुम्ही दहा दिवस.

व्हिसाचं मात्र वेगळं तपासा. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही, आणि काही ठिकाणी दवाखान्यातली किंवा शाळेतली बिनपगारी सेवासुद्धा काम धरली जाते. मंडळीकडून निमंत्रणपत्र घ्या, त्यात नेमकं काम लिहून मागा. नाताळ ते नववर्ष दूतावास बरेच दिवस बंद असतात, म्हणून अर्ज ऑक्टोबरपर्यंत द्या. पासपोर्ट परतीनंतर किमान 6 महिने वैध असलेला बरा.