अॅपवर २० टक्के सूट मिळत असताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून औषधं का घ्यावीत? आणि ही दुकानं बंद का पडताहेत?

वडिलांची बीपी-शुगरची औषधं अॅपवर २० टक्के स्वस्त पडतात आणि तुमच्या कॉलनीतलं जुनं मेडिकल या महिन्यात बंद होतंय, असं तुम्ही लिहिलंय. डी. फार्म. करून मी तालुक्याच्या गावी २३ वर्षं मेडिकल चालवतोय, तेव्हा माझा जीव यात गुंतलेला आहे हे धरूनच वाचा.

आधी हिशोब. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के. २०१३ च्या किंमत आदेशातच ते लिहिलंय. बाकीच्या कंपनीच्या मालावर साधारण २० टक्के सुटतात. त्यातून गाळ्याचं भाडं, दुकानात कामाला ठेवलेल्या मुलाचा पगार, इन्सुलिनसाठी २४ तास चालणाऱ्या फ्रीजचं लाइटबिल, एक्सपायरीत गेलेला माल. मी सरसकट २० टक्के सोडले तर घरून पैसे आणावे लागतील. अॅपवाल्यांनी कित्येक वर्षं गुंतवणूकदारांच्या पैशावर तोटा सोसून सूट दिली. पुढे २०२० मध्ये नेटमेड्स हे औषधांचं अॅप रिलायन्सकडे गेलं, २०२१ मध्ये वनएमजी हे दुसरं अॅप टाटांकडे. त्यांना कंपन्यांकडून ज्या भावात माल मिळतो, तो भाव आम्हाला कोण देणार?

पण खरा घाव वेगळ्याच जागी बसला. बीपी, शुगर, थायरॉइडची गिऱ्हाइकं पगार झाला की पाच तारखेच्या आत यायची आणि महिन्याचं भाडं तिथेच निघायचं. ती अॅपवर गेली. उरली रात्री साडेदहाला तापाच्या सिरपसाठी शटर वाजवणारी. त्यांनी वाजवावंच, मी उठतो. पण दुकान तेवढ्यावर उभं राहत नाही. मग हळूहळू कमी खपणारी औषधं ठेवणं बंद होतं, आणि 'यांच्याकडे काही मिळतच नाही' म्हणून उरलेलेही जातात.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी तोंड आलंय म्हणून जेल मागायला आल्या. जेल देऊन मोकळा झालो असतो. सवयीने विचारलं, "मावशी, आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत?" त्यांनी पिशवीतून स्ट्रिप काढली. मेथोट्रेक्सेट, सांधेवातासाठी, शहरातून आणलेली. सहा दिवसांपूर्वी सुरू केली होती आणि सहा गोळ्या संपल्या होत्या. सांधेवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावर बेतू शकतं. चिठ्ठीवर इंग्रजीत सगळं नीट लिहिलेलं होतं, मावशींना मात्र ते तोंडाने कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या मुलाला फोन लावून त्यांना तिथूनच दवाखान्यात पाठवलं. महिन्याभराने डॉक्टरांनी गोळी पुन्हा चालू केली, तेव्हा मी स्ट्रिपवर मार्करने मोठ्या अक्षरात 'फक्त सोमवार' लिहून दिलं. जेलचं बिल साठ-सत्तर रुपयांचं होतं, या विचारपूस करण्याच्या कामाचे त्यात पैसे नव्हते.

आमच्यातही खोट आहे. दुसऱ्याचं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भाड्याने घेऊन चालणारी दुकानं आहेत. चिठ्ठी न बघता अँटिबायोटिकच्या दोन-दोन गोळ्या कापून देणारे आहेत. कायद्याने त्यातल्या बऱ्याच औषधांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते, तीन वर्षं जपावी लागते, ती ते करत नाहीत. अशा दुकानाला टाळं लागलं तर मला वाईट वाटणार नाही. काउंटरवर फार्मासिस्ट स्वतः उभा असेल आणि तो चिठ्ठी वाचत असेल, तरच माझं म्हणणं लागू आहे.

तुमच्यासाठी सांगायचं तर, जवळच्या दुसऱ्या एखाद्या चांगल्या मेडिकलमध्ये वडिलांची यादी घेऊन जा आणि सरळ विचारा, महिन्याचं सगळं तुमच्याकडून घेतलं तर किती कमी कराल? मी अशा यादीवर १० टक्के सोडतो, कारण दोन दिवस आधी यादी मिळाली की होलसेलरकडून नेमकं तेवढंच मागवता येतं, माल पडून राहत नाही. त्यातलं काही जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळत असेल तर तिथून जरूर घ्या, मीही गिऱ्हाइकांना तिकडे पाठवतो. फक्त कुठूनही घेतलेल्या सगळ्या गोळ्या एकदा एकाच पिशवीत घालून त्या दुकानदारासमोर ठेवा. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावाने दोनदा पोटात जात असेल, तर ते तिथेच सापडेल.