सांदवाडीत कासव आलं तर

पाऊस लागला की नागपुरातून कासवांबद्दलचे प्रश्न येऊ लागतात. या वेळी त्यांतले पाच घेतले आहेत.

प्रश्न : रात्रभर पाऊस झाल्यावर सकाळी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, कुंड्यांच्या मागे, ताटलीएवढं कासव दिसलं. पाठ चपटी, हिरवट-तपकिरी, कडा मऊ. नाला जवळच आहे. त्याला उचलून अंबाझरी तलावात सोडावं का? (त्रिमूर्तीनगर)

अंबाझरीत नको. आधी ते कोणतं, ते बघू. तुमच्या वर्णनावरून हे फ्लॅपशेल, म्हणजे गोड्या पाण्यातलं मऊ पाठीचं कासव दिसतं. खात्रीची खूण मागच्या बाजूला आहे. त्याने मागचे पाय आत घेतले की पोटाकडच्या दोन कातडी झडपा मिटतात आणि पायांची जागा झाकून टाकतात. नाक छोट्या नळीसारखं पुढे आलेलं असतं आणि प्रत्येक पायाला नखं तीनच. एवढं लांबून दिसतं, त्यासाठी कासव उलटं करू नका.

उन्हाळ्यात डबकी आटली की ही कासवं चिखलात गाडून घेऊन पडून राहतात. पावसाने माती ढिली झाली की बाहेर येतात आणि जमिनीवरून चालत दुसरं पाणी गाठतात. म्हणजे ते वाट चुकलेलं नाही, प्रवासात आहे. अडचण आपल्या बांधकामाची आहे. नाल्यांना उभ्या भिंती झाल्या आणि सिमेंटचे रस्ते प्लॉटपेक्षा उंच झाले. पाण्यासोबत कंपाउंडमध्ये उतरलेल्या कासवाला परत चढता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरीचं पाणी वस्त्यांत घुसलं, तशा पुरात तर तलावातले जीवही घरापर्यंत पोचतात.

कासव धडधाकट असेल, डोळे उघडे असतील आणि चारही पाय नीट चालत असतील, तर कुत्रा बांधा, मुलांना आत घ्या आणि नाल्याकडची बाजू मोकळी करा. पायरी किंवा उंबरठा आडवा येत असेल तर रुंद फळी तिरपी लावून तिच्यावर ओलं गोणपाट बांधा. नुसत्या गुळगुळीत फळीवर त्याची नखं घसरतात. मग रात्रभर त्याच्याकडे जाऊ नका. माणसांची वर्दळ असली की ते डोकं आत घेऊन तासन्‌तास बसून राहतं आणि लोकांना वाटतं की ते आजारी आहे.

दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल, किंवा चेंबरमध्ये, विहिरीत, टाक्यात अडकलं असेल, तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६ लावा. गेट थेट वाहत्या रस्त्यावर उघडत असेल तर मात्र वाट पाहू नका, लगेच फोन करा. तोवर उचलावंच लागलं तर दोन्ही हातांनी पाठीच्या मागच्या भागाला, मागच्या पायांच्या जरा पुढे धरा. याची मान दिसते त्यापेक्षा बरीच लांब असते आणि मागे वळून चावते, त्यामुळे पुढून किंवा मधोमध धरणारा हमखास चावून घेतो. शेपटीला धरून लोंबकळवू नका, मणक्याला इजा होते. नेताना जमिनीपासून वीतभर उंचीवरच न्या, कारण ते पाय झाडतं, मुततं आणि हातातून निसटतं. भाजीचा प्लास्टिकचा क्रेट किंवा मोठी बादली घ्या, तळाशी ओलं गोणपाट टाका, वर भोकं असलेलं झाकण ठेवा आणि सावलीत ठेवा. पाणी भरू नका. दूध-पोळी, भात, भाजी काहीही देऊ नका, एक-दोन दिवस उपाशी राहून त्याला काही होत नाही. उन्हात ठेवलेल्या लोखंडी घमेल्यात मात्र ते तासाभरात दगावू शकतं, कारण अंगाची उष्णता त्याला स्वतःहून कमी करता येत नाही.

लांबच्या तलावात सोडण्याबद्दल शेवटचं. कासवाला आपल्या भागातली पाण्याची ठिकाणं ठाऊक असतात. अनोळखी तलावात सोडलेलं कासव बहुतेकदा तिथून निघतं आणि रस्त्यावर येतं. शिवाय एका नाल्यातला आजार दुसऱ्या तलावात आपणच पोचवतो. कुठे सोडायचं ते वनविभाग ठरवेल.

प्रश्न : कुत्र्याने कासवाची पाठ फोडली, रक्त येत आहे. हळद भरली, आता फेविक्विकने भेग बुजवावी म्हणतात. (बेसा)

बुजवू नका. कासवाची पाठ म्हणजे नखासारखं मेलेलं टरफल नाही, ते रक्तपुरवठा असलेलं जिवंत हाड आहे. फेविक्विक, एम-सील, चुना, सिमेंट यांतलं काहीही भरलं की घाण आणि जंतू आत कोंडतात आणि चार-सहा दिवसांनी आत पू होतो. हळद आता खरवडू नका, मेडिकलमधून नॉर्मल सलाईनची बाटली आणून जखमेवर सावकाश धार धरा. जेवढी निघेल तेवढी निघू द्या. वरून निर्जंतुक गॉज ठेवा, ते घट्ट बांधू नका.

जखमी पाणकासवाला पाण्यात ठेवू नये. भेगेतून पाणी शरीराच्या पोकळीत जातं आणि अशक्त कासव डोकं वर न काढता आल्याने बुडतंही. खोक्यात स्वच्छ सुती कापडावर ठेवा आणि खोक्यावर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी काही तासांतच अंडी घालते.

अळ्या पडल्याच तर गुरा-कुत्र्यांना देतात ते आयव्हरमेक्टिन कुणालाही टोचू देऊ नका. कासवांना ते विषासारखं लागतं आणि प्राणघातक ठरतं. रोज जनावरं पाहणाऱ्यांनाही हे माहीत असेलच असं नाही. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी वन्यप्राण्यावर तिथे उपचार होतात. आधी १९२६ वर सांगा, मग ते म्हणतील तसं करा.

तोंडातून मासेमारीची दोरी लोंबत असेल तर ती ओढू नका, गळ घशात किंवा अन्ननलिकेत रुतलेला असतो. दोरी तोंडाशी कापूही नका. वीतभर बाहेर राहू द्या, म्हणजे डॉक्टरांना गळ शोधता येतो.

प्रश्न : एप्रिलमध्ये नळाजवळ खड्डा खणताना मातीत कासव निघालं, अजिबात हालत नव्हतं. आम्ही ते हौदात टाकलं. चूक झाली का? (दाभा)

हो, आणि ही चूक बऱ्याच घरी होते. उन्हाळ्याच्या झोपेतल्या कासवाचं सगळं शरीर मंद चाललेलं असतं. एकदम खोल पाण्यात टाकलं तर त्याला वर येऊन श्वास घेण्याइतकीही तरतरी नसते. हौदाची भिंत उभी असेल तर जागं झाल्यावरही बाहेर पडता येत नाही. असं कासव निघालं तर ते जिथे होतं तिथेच, पाठ वर ठेवून, ढिल्या ओलसर मातीने झाका, माती ठोकू नका आणि वर सावली करा. बांधकाम थांबवणं शक्य नसेल तर १९२६.

खणताना गोल, पांढरी, कडक कवचाची अंडी निघाली तर ती फिरवू नका. घातल्यानंतर पहिल्याच दिवसात आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, अंडं उलटं झालं की तो मरतो. निघालेल्या अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने खूण करा, त्याच बाजूने परत ठेवा आणि त्याच मातीने झाका. फ्लॅपशेलची अंडी फार सावकाश उबतात, पावसाळ्याच्या शेवटी घातलेली पुढच्या पावसात फुटतात. तोवर त्या जागी पेव्हर ब्लॉक बसवू नका, पिल्लांना बाहेर यायला माती लागते.

प्रश्न : शेजारी म्हणतात, आपणहून आलेलं कासव म्हणजे लक्ष्मी, काचेच्या टाकीत ठेवा. ठेवता येतं का? (मनीषनगर)

नाही. फ्लॅपशेल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, या अनुसूचीतल्या प्राण्याला पकडण्यासाठी किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. वन्यप्राणी तुमच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. म्हणून क्रेटमध्ये ठेवल्यावर फोन लगेच करा. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं घुमटासारखं स्टार कासवही आता पहिल्या अनुसूचीत आहे. ते विदर्भातल्या रानातलं नाही. नागपुरात सापडलं तर कुणीतरी पाळलेलं सुटलेलं असण्याचीच शक्यता जास्त. आणि ते जमिनीवरचं आहे, तळ्यात सोडलं तर बुडेल.

राहिली लक्ष्मी. वीस नखांचं कासव पैसा आणतं या समजुतीवर कासवांचा चोरटा व्यापार चालतो. फ्लॅपशेलची नखं मोजली तर बारा भरतात. देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतंच, हात जोडायला तेवढं पुरेसं आहे.

हाताळल्यावर साबणाने हात धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि लहान मुलांना त्याने जोरात हगवण लागते.

प्रश्न : मुलासाठी दुकानातून आणलेली दोन हिरवी कासवं आता मोठी झाली, टाकी पुरत नाही. फुटाळा तलावात सोडली तर चालेल? (गोरेवाडा रोड)

डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ती रेड इअर्ड स्लायडर, मूळची उत्तर अमेरिकेतली. दुकानात रुपयाच्या नाण्याहून जराशी मोठी दिसतात, मादी पुढे २५ ते ३० सेंटिमीटर होते आणि नीट सांभाळली तर कासवं वीस वर्षांहून जास्त जगतात. हे विकणारा सांगत नाही. फुटाळ्यात सोडली तर ती इथल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतात, सोबत आजारही नेतात. तलावात सोडूच नका. मोठी टाकी, फिल्टर आणि अंग कोरडं करायला एक उंचवटा, एवढं करता येत असेल तर सांभाळा. नसेल तर त्यांना घेणारं माणूस आधी शोधा किंवा वनविभागाला विचारा, तोवर आहे त्या टाकीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदलत राहा.