शरीरसंस्था पाठ होत नाहीत म्हणणाऱ्या ताईंसाठी

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि जुना राग परत वर आला. बारावी आर्ट्सनंतर जीडीएला (जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे वॉर्डात पेशंटच्या मदतीला असणारी) अ‍ॅडमिशन, शरीराची एकेक संस्था पाठ होते पण पेपरात सगळं एकमेकांत मिसळतं, सर म्हणतात ‘पाठ करा, जास्त विचारू नका’, आणि शरीराचं मॉडेल मागितलं तर उत्तर येतं, ‘ते इन्स्पेक्शनसाठी आहे’. हे शेवटचं आम्हीही असंच्या असं ऐकलंय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, सिस्टरही नाही. नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात जीडीए आहे. लिहितेय ते पास होण्यापुरतं आणि वॉर्डात उभं राहण्यापुरतं. पेशंटच्या बाबतीत सिस्टर सांगतील तेच करायचं. हृदयाला कप्पे किती, पचनसंस्थेत काय काय येतं, हे शाळेच्या विज्ञानात आहे, ते इथे उतरवत बसत नाही.

तर मॉडेल. आमच्या ट्रेनिंग संस्थेच्या (नाव विचारू नका, मेसेज करूनही विचारू नका) ऑफिसात काचेच्या दाराचं कपाट होतं. आत प्लास्टिकचं धड, पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं. छातीपोटाचं झाकण निघतं, मग फुप्फुसं, हृदय, यकृत, जठर, आतडी सुटी करता येतात. आम्ही ते काचेतूनच बघितलं. किल्लीवाल्या मॅडम कधी रजेवर, कधी मीटिंगला. एकदा सापडल्या तर म्हणाल्या, ‘पार्ट हरवला तर भरून कोण देईल?’ इन्स्पेक्शनच्या दिवशी मात्र तेच धड टेबलावर, खाली हिरवं कापड, बाजूला आम्ही अ‍ॅप्रन घालून उभ्या. फोटो निघाले, संध्याकाळी परत कुलूप. आमच्या हाती झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात यकृत आणि जठर मिळून एकच काळा डाग होता बाप्पा.

असेसमेंटला बाहेरून आलेल्या सरांनी ते धड उघडून सगळे अवयव टेबलावर काढून ठेवले. ‘बसवा.’ काय आधी जातं, काय नंतर, कुणाला माहीत? माझं झाकणच लागेना. मग म्हणाले, ‘बरं, स्वतःच्या अंगावर यकृत दाखवा.’ झेरॉक्सवर ते पानाच्या डाव्या बाजूला होतं, हात डाव्या फासळ्यांवर गेला. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्याचं उजवं ते आपलं डावं, हे कुणी एकदाही सांगितलं नव्हतं. प्रॅक्टिकलमध्ये अर्धी बॅच गेली. सर्टिफिकेट आलं की ये म्हणून एका हॉस्पिटलने सांगून ठेवलं होतं, ती जागा दुसरीला मिळाली. आणि ऑफिस काय म्हणालं? ‘तुम्ही अभ्यास केला नाही, री-असेसमेंटची फी भरा.’ सगळ्याच संस्था अशा नसतात, माझ्या मावसबहिणीला चांगली मिळाली. पण तुमची मला आमच्यासारखीच दिसून राहिली.

म्हणून मॉडेलची वाट बघू नका. घरातलं जुनं पांढरं बनियान घ्या, लहान भावाला घाला आणि स्केचपेनने त्यावर अवयव काढा. उजव्या फासळ्यांखाली यकृत, डावीकडे जठर. मागच्या बाजूला दोन मूत्रपिंडं, त्यातलं उजवं किंचित खाली, कारण वर यकृताने जागा घेतलीय. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोनच, कारण हृदय तिकडे झुकलेलं. मग त्याला पाठमोरा उभा करा, कुशीवर झोपवा, आणि दर वेळी हात ठेवून दाखवा. माझ्या भाच्याने यासाठी भरपूर चॉकलेटं वसूल केली, पण दुसऱ्या वेळी डावं-उजवं चुकलं नाही.

आता मिसळण्याचं. माझं मत कुणाला पटणार नाही, पण संस्था एकेक करून पाठ करणंच चूक आहे. एक पेशंट घ्या. लकव्याने अंथरुणाला खिळलेले एक आजोबा डोळ्यांसमोर आणा आणि सगळ्या संस्था त्यांच्याच अंगावर शोधा. उजवी बाजू लुळी, म्हणजे बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालीय: झाली मज्जासंस्था. स्वतः कूस बदलता येत नाही, म्हणून टाचा, कोपरं, कमरेखालचं हाड, डोक्याची मागची बाजू, जिथे हाड कातडीच्या अगदी जवळ तिथे दाब पडतो, रक्त पोचत नाही आणि बेडसोअर (दाबाची जखम) होतो. दर दोन तासांनी कूस बदलायची ती त्यासाठी. यात त्वचा, अस्थिसंस्था, रक्ताभिसरण तिन्ही आले. गिळताना ठसका लागतो, नाकातून नळी आहे, तर फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तशीच. नाहीतर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. श्वासनळीची उजवी शाखा जास्त रुंद आणि सरळ, त्यामुळे ते बहुतेकदा उजवीकडे जातं. युरिन बॅग मूत्राशयाच्या पातळीच्या खाली, नाहीतर लघवी उलटी फिरून इन्फेक्शन. एनिमा द्यायचा तर डाव्या कुशीवर, कारण मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडून खाली येतो. असं ‘काऊन’ (का) विचारत गेलं की पाठ करायला फार थोडं उरतं.

हाडं २०६, हे वस्तुनिष्ठ प्रश्नासाठी लक्षात ठेवा. वॉर्डात आजवर मला कुणी विचारलं नाही.

नाडी अंगठ्याने मोजू नका, अंगठ्याची स्वतःचीच नाडी बोटाला लागते. पूर्ण एक मिनिट मोजा. ६० ते १०० हे आरामात बसलेल्या मोठ्या माणसाचं. मे महिन्यात ४५ अंशांत सीताबर्डीहून चालत येऊन एकमेकींची मोजाल तर ११० सुद्धा येईल. अंग थंड करायला कातडीकडे रक्त जास्त धाडावं लागतं, हृदय वेगाने पळतं. पंख्याखाली बसा, पाणी प्या, परत मोजा. आणि आपल्या विदर्भात सिकलसेलचे पेशंट येतात, तेवढं नीट करून जा: लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून त्या असह्य वेदना. अंगातलं पाणी कमी झालं की त्रास वाढतो.

यूट्यूबवर हिंदीत चांगले व्हिडिओ आहेत, पण आधी बनियान, मग व्हिडिओ. उलटं केलं तर सगळं समजल्यासारखं वाटतं आणि हात मात्र हलत नाही.

कोर्स सोडू का, असं विचारलंत. फी भरली असेल तर सोडू नका. उद्या कोऱ्या कागदावर अर्ज लिहा: मॉडेलवर प्रॅक्टिकल आणि हॉस्पिटलातलं ट्रेनिंग कधी देणार ते तारखेसह कळवावं. एकट्या जाऊ नका, बॅचमधल्या जमतील तेवढ्या मुलींच्या सह्या घ्या. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घेऊनच निघा. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर ठेवून जाऊ नका, पोस्टात जाऊन पोचपावतीसह पाठवा. आमच्यापैकी कुणी लेखी मागितलंच नव्हतं, म्हणून फीच्या वेळी ऑफिसला ‘मुलींनी कधी विचारलंच नाही’ असं म्हणता आलं. अर्जाचा मसुदा हवा असेल तर इथेच सांगा, रात्रीची ड्युटी संपली की टाकते.