भूकंप-त्सुनामीत जीव वाचवणारा गोल ‘पॉड’ घेऊन ठेवावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: भाऊ नोकरीसाठी जपानला, हामामात्सूला निघालाय. आई-वडील लातूरकडचे, त्यांनी किल्लारी पाहिलंय, त्यामुळे घरात धास्ती आहे. यूट्यूबवर चार माणसं मावणारा पिवळा गोळा दिसला. तो भावासाठी घ्यावा का, आणि तसाच एक गावाकडच्या घरात ठेवता येईल का?

मी हामामात्सूच्याच पट्ट्यात राहतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. भावासाठी घेऊ नका, गावासाठी तर मुळीच नको. पण ही वस्तू टिंगल करण्यासारखी नाही. काही जणांना ती खरंच उपयोगी पडेल. ते कोण, ते पुढे सांगतो.

तुम्ही पाहिलेला गोळा बहुतेक ‘नोआ’ असावा. 2011 च्या त्सुनामीनंतर काही महिन्यांतच कानागावा प्रांतातल्या एका छोट्या कंपनीने तो बाजारात आणला. फायबरचं कवच, व्यास 1.2 मीटर, चार मोठी माणसं, किंमत तेव्हा तीन लाख येनच्या आसपास. वर श्वासासाठी भोकं आणि बाहेर बघायला एक छोटी खिडकी. एरवी मुलांना खेळायला होईल असंही कंपनी सांगायची. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका विमान-अभियंत्याने अ‍ॅल्युमिनियमचा गोळा काढला. त्यात पट्ट्यांच्या खुर्च्या, हवेची टाकी, पाण्याची सोय असा सगळा थाट आहे, पण दोन माणसांच्या गोळ्यालाच दहा हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात.

आता आकडेमोड. 1.2 मीटर व्यासाच्या गोळ्यात जागा साधारण 900 लिटर. चार माणसांनी त्यातले पावणेतीनशे लिटर अडवले की हवा उरते सहाशेच्या आसपास. शांत बसलेला माणूस मिनिटाला पाव लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, चौघांचा मिळून एक लिटर. म्हणजे भोकं बंद असतील तर अर्ध्या तासात हवेतलं त्याचं प्रमाण पाच टक्क्यांवर जातं. डोकं ठणकायला लागतं, धाप लागते. आणि तशा वेळी शांत कोण बसणार? म्हणून भोकं लागतातच. पण भोकं असलेला गोळा लाटेत उलटा होऊन चालत नाही, म्हणजे तळाशी वजन हवं, नाहीतर वरचं भोक पाण्याखाली जाणार. महागड्या गोळ्यात हवेची टाकी असते ती याचसाठी.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. जमिनीवर चढलेलं पाणी सेकंदाला दहा मीटर वेगानेही धावू शकतं, म्हणजे ताशी 36 किलोमीटर. त्या वेगाने कडक गोळा काँक्रीटच्या खांबावर थेट आदळला आणि पाच सेंटीमीटरमध्ये थांबला, तर आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट झटका बसतो. वेग निम्मा धरला तरी पंचवीसपट. पाण्याचा स्वतःचा थोडा आधार मिळतो, त्यामुळे दर वेळी इतकं होणार नाही, पण हिशेब सर्वांत वाईट वेळेचाच करायचा असतो. गाडीत माणूस वाचतो कारण पुढचं बॉनेट चुरगळतं आणि थांबायला अंतर मिळतं. गोळा चुरगळला तर बुडेल आणि चुरगळला नाही तर धक्का आत पोचेल. म्हणून पॉड विकणाऱ्याला पहिला प्रश्न कवच किती मजबूत हा विचारू नका. पट्टे कसे आहेत, डोकं कशावर टेकतं आणि आतली गादी किती जाड आहे, हे विचारा.

शिवाय त्सुनामीचं पाणी नुसतं पाणी नसतं. त्यात मोटारी, कंटेनर, आख्खी लाकडी घरं असतात. 2011 मध्ये केसेन्नुमाच्या खाडीत टाक्यांमधलं तेल सांडलं आणि तरंगणारा मलबा रात्रभर जळत राहिला. फायबरचा गोळा त्यात सापडला तर काय, याचं उत्तर मी कुठल्याही जाहिरातीत वाचलेलं नाही. आणि पाणी परत जाताना सगळं समुद्रात ओढून नेतं. त्याच वेळी फुकुशिमाच्या किनाऱ्यापासून 15 किलोमीटर आत समुद्रात, साठीचा एक माणूस स्वतःच्या घराच्या छपरावर बसलेला सापडला, तेही दोन दिवसांनी. तो वाचला हे नशीब. भूकंप झाल्यावर तो घरी सामान आणायला परतला होता.

इथेच खरी मेख आहे. भूकंप आणि त्सुनामी आपण एका दमात बोलतो, पण माणूस मरायच्या दोन्ही तऱ्हा वेगळ्या आहेत. भूकंपात वेळच नसतो. कोबेचा 1995 चा भूकंप पहाटे 5:46 ला झाला, 6,434 माणसं गेली, त्यातली बहुतेक कोसळलेल्या घरांखाली, अंथरुणातच. जमीन हलायला लागल्यावर उठून, दार उघडून, चौघांनी गोळ्यात शिरायचं हे कुणाला जमणार? उभं राहणंच जमत नाही. उलट जवळच्या मोठ्या त्सुनामीच्या आधी बहुतेक वेळा जमीन स्वतःच इशारा देते, आणि नंतर बहुतेक ठिकाणी काही मिनिटं हातात असतात. ती मिनिटं गोळ्यात बसण्यात घालवायची की उंचावर जाण्यात? पाय धड असलेल्या माणसासाठी याचं उत्तर एकच आहे.

मिनिटं होती आणि वाया गेली याचं सगळ्यात क्लेशदायक उदाहरण इशिनोमाकीजवळच्या ओकावा शाळेचं. भूकंप 2:46 ला, पाणी आलं 3:37 च्या सुमारास. पन्नास मिनिटं. शाळेच्या मागेच डोंगर. मुलं मैदानात थांबवून ठेवली होती. 74 मुलं आणि 10 शिक्षक गेले. त्याच दिवशी कामाइशीच्या उनोसुमाई भागात मोठ्या शाळेची मुलं धक्के ओसरताच पळत सुटली, त्यांच्यामागे प्राथमिक शाळेची निघाली, ठरलेली जागा धोक्याची वाटली म्हणून आणखी वर चढली, आणि वाचली. त्यांच्याकडे यंत्र कुठलंच नव्हतं. कुणाची वाट न पाहता पळायचं, एवढं वर्षानुवर्षं घोटून घेतलेलं होतं.

मग पॉड कुणासाठी? ज्याला चढता येत नाही त्याच्यासाठी. शिकोकू बेटावरच्या कुरोशिओ गावासाठी 2012 मध्ये सरकारने 34 मीटर लाटेचा अंदाज जाहीर केला. तो आकडा ऐकून काही म्हाताऱ्यांनी पळायचंच नाही असं ठरवून टाकलं; गावच्या प्रशासनाला आधी त्या हताशपणाशी झगडावं लागलं. पुढे तिथे सुमारे 25 मीटर उंचीचा मनोरा बांधला गेला. पण गुडघे गेलेल्या आजीला मनोरा काय कामाचा? अशांसाठी शिकोकूत जहाजावरच्या बंद लाइफबोटीसारखी पंचवीसेक माणसांची बोट तयार झाली. वृद्धाश्रमाच्या अंगणात, उघड्यावर, वर छप्पर नसलेल्या जागी अशी बोट मला पटते. घरातल्या खोलीत ठेवलेला गोळा मात्र पाणी चढलं की छताला जाऊन अडकणार. ‘कुठे ठेवणार?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि जपानी फ्लॅटचा आकार पाहता तो पहिलाच यायला हवा.

हामामात्सूची गोष्ट थोडी वेगळी. समोर समुद्रात नानकाई खंदक आहे, महाभूकंप होऊ शकतो ती जागा, म्हणजे धोका खरा आहे. ऑगस्ट 2024 मध्ये ह्यूगा-नादाला (क्यूशू बेटाजवळच्या समुद्रात) 7.1 चा धक्का बसला तेव्हा सरकारने पहिल्यांदाच महाभूकंपाबाबत आठवडाभराची सावधगिरीची सूचना काढली, आणि इथल्या दुकानांतलं बाटलीबंद पाणी बघता बघता संपलं. पण शहराने हातावर हात धरलेले नाहीत. 17.5 किलोमीटरचा बांध 2020 मध्ये पुरा झाला, त्यासाठी घरं बांधणाऱ्या एका स्थानिक उद्योगसमूहाने 30 अब्ज येन दिले. जवळच्या फुकुरोईत तर शेतांच्या मधोमध मातीच्या टेकड्या रचल्यात, पाणी आलं की चढायला. तिथे 1680 च्या वादळी भरतीनंतर गावकऱ्यांनी रचलेल्या टेकड्या अजून उभ्या आहेत, त्यांचंच हे नवं रूप. रविवारी मुलं त्यावरून घसरगुंडी खेळतात. पॉडपेक्षा माझा विश्वास या मातीच्या ढिगावर जास्त आहे, त्याला ना हवेची टाकी लागते ना पट्टे.

आता गावाकडचं. तुमच्या आई-वडिलांची भीती अगदी रास्त आहे, पण ती चुकीच्या वस्तूकडे वळलीय. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3:56. आदल्या रात्री विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. भूकंप 6.2 च्या आसपासचा, जपानच्या मानाने मध्यमच, पण जवळपास दहा हजार माणसं गेली. कारण वर माळवदाची टनभर माती आणि खाली मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेले नसले की धक्क्याने भिंत पोट काढते, फुटते आणि वरची माती झोपलेल्यांवर येते. त्यावरचे उपाय भूकंपानंतर तिथेच शिकवले गेले: भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे दगड, दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा सलग पट्टा, आणि छतावरची माती हलकी करणं. पॉडचे पैसे त्या पट्ट्यात घाला. तुमचं घर जुनं दगडमातीचं असेल तर आधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. निदान झोपायची खोली तरी हलक्या छपराखाली न्या. जपानमध्येही जुन्या लाकडी घरांसाठी हाच विचार चालतो: पूर्ण घर बळकट करणं परवडत नसेल तर झोपायच्या एका खोलीत भक्कम चौकट बसवतात किंवा पलंगावरच लोखंडी सांगाडा उभारतात, आणि त्यासाठी अनेक महापालिका अनुदान देतात. माणूस आधीच त्यात झोपलेला असतो, शिरावं लागत नाही.

कुणी कोकणातलं वाचत असेल तर: अरबी समुद्रातही त्सुनामी होते. 1945 मध्ये मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली आणि माणसं वाहून गेली. पण ती पोचायला काही तास लागले होते, आणि आता हैदराबादचं इन्कॉइस केंद्र 2007 पासून इशारे देतं. काही तास असताना गोळा कशाला, चढण चालून जाता येते. मात्र तुमच्या पायाखालची जमीनच जोरात आणि लांबलचक हलली तर इशाऱ्याची वाट पाहू नका.

भावाला एवढं सांगा. घर भाड्याने घेताना इमारत जून 1981 नंतरच्या नियमांनी मंजूर झालेली आहे का हे एजंटला विचारायचं. लाकडी घर असेल तर 2000 नंतरचं बघायचं. शक्यतो तिसरा मजला किंवा वर. पत्ता नोंदवायला महापालिकेत जाईल तेव्हा तिथून त्सुनामीचा धोका-नकाशा मागून घ्यायचा आणि पहिल्याच रविवारी घरापासून ठरलेल्या उंच जागेपर्यंत चालत जाऊन यायचं, जमलं तर रात्रीही एकदा, कारण दिवे गेल्यावर रस्ता वेगळाच दिसतो. कपाट आणि फ्रिज भिंतीला जखडायचे. खिळे मारायला घरमालक नाही म्हणाला तर छत आणि कपाटाच्या मध्ये ताणून बसवायचे दांडे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पलंगाखाली जाड तळाचे बूट आणि टॉर्च. फोनवर भूकंपाचा इशारा वाजला की हातात काही सेकंदच असतात, तेवढ्यात टेबलाखाली शिरायचं आणि टेबलाचा पाय धरायचा. आणि आईला आत्ताच सांगून ठेवायचं की मोठा धक्का बसला तर तो आधी चढेल, फोन नंतर करेल.