घडीच्या चाकूचं कोणतं लॉक सगळ्यात मजबूत असतं?

माझ्या उजव्या हाताची तर्जनी पूर्ण मिटत नाही, म्हणून हे उत्तर लिहितोय.

तुम्ही विचारलंय की ट्रेकला आणि घरी वापरायला घडीचा चाकू घ्यायचा आहे, तर लायनर, फ्रेम, बॅक आणि ॲक्सिस यांतलं सगळ्यात मजबूत लॉक, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी सोय, कोणतं. कोरड्या टेबलावर, नव्या चाकूत, चारही मजबूतच असतात. यूट्यूबवर लोक पात्याला वजनं टांगून दाखवतात ते सगळं खरं आहे आणि तुमच्या काहीही कामाचं नाही. लॉक घाण झाल्यावर अर्धवट बसतं का, आणि अर्धवट बसलं तर ते तुम्हाला दिसतं का, एवढंच विचारा.

आमची दापोलीकडे आंब्याच्या कलमांची नर्सरी आहे. थोरला भाऊ आणि मी बघतो. पावसाळ्यात कोय कलमं बांधायची: कोय रुजून पंधरा-वीस दिवस झालेलं रोप, पानं अजून तांबूस, त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध उभी फाट द्यायची, हापूसच्या काडीला खाली दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, फाटीत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची. या कामाला लॉक लागतच नाही. जोर सगळा धारेकडून येतो, म्हणजे पातं आणखी उघडायच्याच दिशेला रेटलं जातं. दादाकडे वडिलांच्या वेळचा बिनलॉकचा चाकू आहे. नुसती पाठीची स्प्रिंग. दगडावर घासून घासून पातं निम्मं उरलंय, पण त्याने तो दिवसाला दोनशे कलमं बांधतो आणि बोटाला साधा ओरखडा नाही.

मी २०१२ साली पुण्याहून लायनर लॉकचा चाकू आणला. काळी मूठ, अंगठ्याने फटकन उघडणारा. कंपनीचं नाव सांगत नाही. दादाने हातात घेतला, दोनदा उघडमीट केली आणि म्हणाला, "लॉक कशाला? धार असली की जोर लागत नाही, जोर लागला नाही की लॉक लागत नाही." मी म्हटलं, बरं.

जुलैत एक दिवस मागच्या वर्षीची उरलेली रोपं कलमाला घेतली. ती बुडाशी चांगलं लाकूड धरलेली. सकाळपासून पाऊस, शेडनेटमधून बारीक तुषार, हात चिकाने काळे झालेले. एका जाड रोपाला फाट देताना पातं इंचभर आत गेलं आणि अडकलं. टोक वर निघावं म्हणून मी मूठ खाली दाबली आणि थोडी पिळली. आवाजसुद्धा आला नाही. पातं जिथल्या तिथे राहिलं, मूठ त्याच्यावर मिटली, आणि मध्ये माझी तर्जनी होती. पहिल्यांदा दुखलंच नाही. मी बावळटासारखा रोप सरळ आहे का ते बघत होतो. मग पिशवीतल्या मातीवर लाल थेंब दिसले. पाच टाके पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी बोट हलवून बघायला सांगितलं, तेव्हा कळलं की टोकाकडचा सांधा नीट वळत नाही. अजून वळत नाही. शर्टाचं वरचं बटण लावताना रोज आठवण होते.

रात्री डाव्या हाताने चाकूचे स्क्रू काढले. लायनर लॉक म्हणजे मुठीच्या आतल्या पत्र्यालाच उभी चीर देऊन केलेली एक वाकडी पट्टी. चाकू उघडला की ती बाजूने सरकते आणि पात्याच्या बुडामागे टेकते. पात्याचं बूड तिथे किंचित तिरकं घासलेलं असतं, पट्टी त्या उतारावर जितकी आत जाईल तितकी पकड घट्ट. माझ्या चाकूत त्या उतारावर वाळलेला चीक, त्यात मातीचे कण, असा काळा थर बसला होता. पट्टी केसभर आत येऊन थांबत होती. वरून बघितलं तर लॉक बसलेलं दिसत होतं. "टक" आवाजही येत होता! हीच माझी लायनर लॉकवरची तक्रार आहे: ते खोटं बोलतं.

दादाला उठवून दाखवलं. बोटं पात्याच्या वाटेतून काढून घेतली आणि चाकूची पाठ पाटावर हलकेच आपटली. दुसऱ्या ठोक्याला मिटला. दादा म्हणाला, "तू ठोकून बिघडवलास." मग म्हणाला, "चाकू पिळायचा नसतो." मग म्हणाला, "पिळताना तुझाच अंगठा पट्टीवर गेला असणार." इतकी वर्षं झाली, गणपतीत पाहुणे जमले की माझं बोट बघून कोणीतरी विचारतं आणि दादा ही तीनही वाक्यं याच क्रमाने म्हणतो.

तिसऱ्या वाक्यात तथ्य आहे, मी ते त्याच्यासमोर कबूल करत नाही इतकंच. लायनर लॉकची पट्टी अंगठ्याने बाजूला ढकलूनच चाकू मिटवायचा असतो. ओल्या हाताने करकचून धरलं तर अंगठा तिथे जाऊ शकतो. पण मग तोही लॉकचाच दोष झाला की नाही? शिवाय मिटवताना दर वेळी अंगठा पात्याच्या वाटेत असतो, ते वेगळंच.

आता तुमची बाकीची लॉकं. फ्रेम लॉक हे लायनरचंच दांडगं भावंड. पातळ पत्र्याऐवजी मुठीची एक अख्खी बाजूच पट्टी होते आणि तुम्ही घट्ट धराल तशी तुमचीच बोटं तिला आत दाबतात. क्रिस रीव्ह नावाच्या मूळच्या दक्षिण आफ्रिकी कारागिराने हे रूढ केलं, त्याच्या चाकूचं नाव सेबेन्झा, झुलू भाषेत काम. लायनरपेक्षा नक्की बरं, पण उतारावर घाण बसायची ती बसतेच.

बॅक लॉक जुनं आणि सरळ. पाठीत एक दांडी, तिचं नाक पात्याच्या बुडाच्या खाचेत पडतं. अमेरिकेतल्या बक कंपनीचा ११० नंबरचा चाकू १९६० च्या दशकात आला आणि हे लॉक जगभर पोचलं. मिटवताना पाठीमागून दाबायचं, त्यामुळे अंगठा पात्यापासून लांब. पण खाचेत चिखल किंवा खिशातला धाग्यांचा कचरा भरला की नाक पूर्ण खाली जात नाही. एक फायदा मात्र मोठा: नाक वर राहिलं तर दांडी पाठीतून उंच राहते, बोट फिरवलं की कळतं. हे लॉक निदान खरं बोलतं.

ॲक्सिस लॉक बेंचमेड या अमेरिकी कंपनीने १९९८ मध्ये आणलं. आडवी पोलादी कांडी दोन बारीक स्प्रिंगांवर बसते आणि पात्याचं बूड व मूठ यांच्यामध्ये अडकते. डाव्या-उजव्या दोन्ही हातांना सारखं, बोटं सुरक्षित. स्प्रिंगा केसासारख्या तारेच्या असतात, त्या तुटतात, पण एक तुटली तरी दुसरी काम चालवते. पैसे असतील तर घ्या.

मी स्वतः काय वापरतो? ओपिनेल, ८ नंबर. फ्रान्समधल्या साव्वा प्रांतातला शेतकऱ्यांचा चाकू, १८९० पासूनचा, लाकडी मूठ. मुठीच्या तोंडाशी एक चिरलेलं कडं असतं, ते फिरवलं की पात्याच्या वाटेतच धातू येतो. हे लॉक १९५५ चं. यात उतार नाही, पट्टी नाही. कडं फिरलं की नाही ते डोळ्यांना दिसतं आणि अंधारात बोटाला लागतं. चिकाने जाम झालं तर ते फिरतच नाही, म्हणजे लगेच समजतं. दादा म्हणतो हाताने फिरवायला लागतं ते कसलं लॉक. दाराची कडीपण हातानेच लावतो आपण.

याचेही दोष सांगतो, नाहीतर तुम्ही घेऊन मला शिव्या द्याल. मूठ बीच लाकडाची, कोकणच्या पावसात फुगते आणि पातं बाहेरच येत नाही. फ्रेंच शेतकऱ्यांची युक्ती अशी की मुठीचं बूड टणक जागेवर ठोकायचं, मग पात्याची पाठ थोडी वर येते आणि ती धरून ओढायची. मी शेडच्या सिमेंटच्या खांबावर ठोकतो, दादा कामगारांकडे बघून हसतो. साध्या पोलादाचं पातं आमच्याकडे एका रात्रीत गंजतं, कैरी कापली की काळं पडतं, तेव्हा स्टेनलेसचंच घ्या. आणि ५ नंबरपर्यंतच्या लहान ओपिनेलला कडं नसतं, ६ पासून पुढे असतं.

घरात फळं आणि दुधाच्या पिशव्याच कापायच्या असतील तर दादाचं बरोबर आहे, लॉकशिवाय चालतं. स्विस आर्मीच्या ९१ मिमीच्या नेहमीच्या चाकूला मोठ्या पात्याचं लॉक नाही, आणि लोक तो आयुष्यभर वापरतात. लॉक लागतं ते टोक खुपसताना आणि अडकलेलं पातं काढताना.

आणखी थोडं. लॉकमध्ये खोबरेल घालू नका, २४ अंशांच्या खाली ते थिजतं, डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर पहाटे चाकू उघडायला जाल तेव्हा कळेल. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. चीक रॉकेलने निघतो. डावखुरे असाल तर लायनर विसरा, तुमची बोटं नेमकी पट्टी ढकलायच्या बाजूला येतात. बटण दाबून उडणारा रामपुरी छाप चाकू खिशात ठेवू नका, पोलिसांना समजावत बसाल. विमानात चाकू चेक-इनच्या सामानातच. आणि हो, माझा तो चाकू स्वस्तातला होता. चांगल्या कंपनीचा लायनर लॉक स्वच्छ ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो, हे मला माहीत आहे.

तुमच्याकडे आधीच एखादा लायनर लॉकवाला असेल तर एक करा. त्याने गूळ फोडा, न पुसता मिटवा, रात्रभर तसाच ठेवा. सकाळी हळू उघडा, बोटं पात्याच्या वाटेत न आणता, आणि पट्टी बुडामागे किती आत आली त्याचा जवळून फोटो काढा. मग धुऊन, वाळवून पुन्हा एक फोटो. दोन्ही मला पाठवा. गणपतीच्या आत मिळाले तर फार बरं.