ब्रोकर विकणाऱ्याचा, सर्व्हेअर आपला

तुमचा बेत कळला. चार महिन्यांत ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टनला नोकरीवर रुजू व्हायचं, भाडं वाचावं म्हणून ३० फुटांच्या आसपासची जुनी शिडाची बोट घेऊन तिच्यावरच राहायचं, आणि सौदा सोलापुरात बसून, व्हिडिओ बघून आत्ताच उरकायचा. प्रश्न एवढाच विचारलाय, की ब्रोकर धरावा की मालकाकडून थेट घ्यावी.

ब्रोकरकडे येतोच, पण व्हिडिओवरचा सौदा आधी डोक्यातून काढा. सांगोल्याच्या बाजारात फोटो बघून कुणी बैल घेत नाही. दात बघतात, चालवून बघतात, मग बोली. बोटीचं जे बघायचं ते पाण्याखाली आणि फळ्यांखाली असतं, आणि विकणाऱ्याचा कॅमेरा तिथं जात नाही.

राहण्याचंही तसंच. बऱ्याच मरीना, म्हणजे बोटी लावायचे धक्के, बोटीवर कायम राहू देत नाहीत. देतात तिथं दर वेगळा असतो. बँक, डॉक्टर, व्हिसाचं खातं, सगळ्यांना पत्ता लागतो. बोटीची साधी नोंदणी, म्हणजे पार्ट थ्री किंवा स्मॉल शिप्स रजिस्टर, ही ब्रिटनमध्ये राहणाऱ्यालाच मिळते, वर्षातले किमान १८५ दिवस. तेव्हा पहिला हिवाळा खोली भाड्याने घेऊन काढा. थंडीत बंद बोटीत श्वासाचं पाणी भिंतींवरून ओघळतं; आपली जाड सोलापुरी चादर तिथं एकदा ओली झाली की वाळायचं नाव घेत नाही.

आता ब्रोकर. मार्केट यार्डात कांदा लावलेल्या माणसाला आडत म्हणजे काय ते सांगायला नको. ब्रिटनमधला बोटीचा ब्रोकर विकणाऱ्याने नेमलेला असतो आणि त्याचं कमिशन विक्रीच्या पैशातून सुटतं. तुम्हाला वेगळं काही द्यावं लागत नाही, म्हणूनच तो तुमचा माणूस नव्हे. ब्रिटनमध्ये या धंद्याला परवाना लागत नाही, कुणीही पाटी लावू शकतो. एबीवायए या ब्रोकरांच्या संघटनेचा सभासद आहात का आणि ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवता का, हे पहिल्याच फोनवर विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलमाल आलं तर फोन ठेवा.

एक गैरसमज मात्र काढून टाका. बोट खाजगी मालकाची असेल तर ब्रोकर मध्ये असूनही व्यवहार खाजगीच राहतो, दुकानातून घेतलेल्या मालाची हमी मिळत नाही. सांगितलेलं खोटं निघालं तर भांडता येतं. तुम्ही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही, ते तुमच्या गळ्यात.

थेट मालकाकडून घेतल्यास भाव थोडा उतरतो, पण कागद तपासणं, करार, अनामत कुठं ठेवायची, सगळं तुमच्या अंगावर येतं. आरवायए ही ब्रिटनमधली नौकानयनाची संस्था सभासदांना जुन्या बोटीच्या विक्रीचा तयार करारनामा देते, तो वापरा. नव्या माणसाने पहिली बोट ब्रोकरमार्फत घ्यावी असं माझं मत. अपवाद एकच: एकाच मालकाकडे वीस वर्षं असलेली आणि प्रत्येक दुरुस्तीची पावती फाइलला लावलेली बोट.

कागदात लोक फसतात ते पार्ट थ्रीच्या प्रमाणपत्रावर. ते दिसायला सरकारी असतं, पण मालकीचा पुरावा नाही आणि त्यावर कर्जाची नोंदही नसते. पार्ट वनला, म्हणजे मालकीच्या पक्क्या रजिस्टरला नोंद असेल तर गहाण कळतं. रजिस्ट्रीकडून ताजा उतारा मागवा, आपल्या सातबाऱ्यासारखा. बाकी बोटींना बिल ऑफ सेलची, म्हणजे बोटीच्या विक्रीखतांची साखळी बघायची: पहिल्या मालकापासून आजपर्यंत, मधला एकही दुवा तुटता कामा नये. ब्रिटिश कायद्यात बोटीचे ६४ हिस्से धरतात. तुमच्या बिलावर सगळे ६४ लिहिलेत का ते बघा, नाहीतर जुना भागीदार नंतर उगवतो. १९९८ नंतरच्या बोटीवर मागच्या बाजूला उजवीकडे हलचा, म्हणजे बोटीच्या कवचाचा क्रमांक कोरलेला असतो, तो कागदाशी अक्षर न् अक्षर जुळवा. मरीनाच्या ऑफिसातून ‘बाकी नाही’ असं लेखी घ्या. बिल थकलं असेल तर यार्ड बोट अडवून ठेवू शकतं. व्हॅट भरल्याचं मूळ बिलही मागा. फ्रान्स किंवा हॉलंडमधली स्वस्त बोट दिसली तर हुरळू नका, ती ब्रिटनमध्ये आणताना २० टक्के व्हॅट पडू शकतो.

सर्व्हेअरला, म्हणजे बोट तपासून अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाला पैसे देण्याआधी स्वतः एक चक्कर मारा. टॉर्च, छोटा आरसा, प्लास्टिकच्या तोंडाची हातोडी आणि जुनं फडकं घ्या. डेकवर हातोडीने टकटक करत चला: खणखणीत आवाज चांगला, भद्द आवाज आला तर आतलं बाल्सा लाकूड ओलं आहे. कठड्याच्या खांबांच्या बुडाशी आणि डोलकाठीच्या तारा जिथं डेकला अडकवतात तिथं हे हटकून सापडतं. तारांवरून फडकं फिरवा. धागा अडकला तर तिथली एखादी बारीक तार तुटलीय. दहा-पंधरा वर्षांवरच्या तारा बदलल्याशिवाय बऱ्याच विमा कंपन्या डोलकाठी विम्यात धरत नाहीत, तो खर्च भावातून वजा करा.

आतल्या फळ्या उचला. कीलच्या, म्हणजे बोटीच्या बुडाला लावलेल्या वजनदार पात्याच्या बोल्टभोवती गंजाचे ओघळ आणि तळाच्या चौकटीला बारीक तडे दिसले तर बोट कधी तळाला आपटली ते थेट विचारा. २०१४ च्या मे महिन्यात चीकी राफिकी ही बोट अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली, चौघे गेले. आधीचं तळ टेकणं आणि नंतरच्या दुरुस्त्या यांनी सांगाडा कमजोर झाला असावा, असं ब्रिटनच्या तपासात म्हटलं आहे. वरून रंग चकचकीत असतो, हे लक्षात असू द्या.

हलमधून बाहेर जाणाऱ्या नळ्यांचे सगळे कॉक स्वतः उघडझाप करा. साध्या पितळेचे असतील तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबी आणि ठिसूळ होतो. खरवडून बघा.

इंजिन गार हवं. मालकाला आधीच सांगा, ‘मी येईपर्यंत चालू करू नका,’ आणि पोचल्यावर हात लावून बघा. कोमट लागलं तर गार इंजिन उठत नसणार. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे इंजिनावर ताण, सुरुवातीनंतरही न थांबणारा पांढरा म्हणजे पाणी किंवा न जळालेलं डिझेल. तेल दुधासारखं दिसलं तर तिथूनच परत फिरा. व्होल्वो पेंटाची सेलड्राइव्ह, म्हणजे इंजिनाखालून हलमधून सरळ पाण्यात उतरणारा पंख्याचा पाय असेल तर खालचं रबरी डायफ्रॅम सात वर्षांनी बदलायचं असतं. त्याला इंजिन सरकवावं लागतं, म्हणून लोक टाळतात. पावती मागा.

ऑस्मोसिसच्या, म्हणजे फायबरच्या हलमध्ये पाणी मुरून येणाऱ्या फोडांना सगळे घाबरतात; माझ्या मते गरजेपेक्षा जास्त. त्याने बोट सहसा बुडत नाही, भाव मात्र बुडतो, म्हणजे तो तुमच्या बाजूचा मुद्दा आहे. नुकत्याच वर काढलेल्या हलवरच्या ओलाव्याच्या आकड्यावर विसंबू नका.

तुमच्या कामाला वेस्टर्ली सेंटॉर बघा. २६ फूट, १९६९ ते १९८० मधली, दोन हजारांहून जास्त बांधल्या. दोन कील असल्याने ओहोटीला चिखलावर उभी राहते, त्यामुळे नांगरायची स्वस्त जागा चालते. दोन्ही कील हलला जोडतात तिथं मजबुती केलीय का बघा. छताचं रेग्झिन लोंबत असणारच. ते तेवढं मनावर घेऊ नका.

सौद्याचा क्रम: ‘सर्व्हे आणि समुद्रातल्या चाचणीच्या अटीवर’ लेखी बोली, १० टक्के अनामत, मग बोट वर काढून सर्व्हे. वायडीएसए या सर्व्हेअरांच्या संघटनेचा सभासद तुम्ही निवडा. ब्रोकरने सुचवलेला नको, मालकाचा जुना अहवालही नको. वर काढण्याचा खर्च घेणाऱ्याचा. सर्व्हेअर सहसा इंजिन उघडत नाही आणि डोलकाठीवर चढत नाही, त्यासाठी वेगळे मिस्त्री लागतात. दोष निघाले तर करारात दिलेल्या मुदतीच्या आत लेखी कळवा. मुदत गेली की बोट आहे तशी स्वीकारली असं धरतात. उरलेले पैसे, बिल ऑफ सेल आणि किल्ल्या एकाच बैठकीत.

पैशांचं नियोजन मात्र सोलापूर सोडण्याआधी करा. भारतात रहिवासी असेपर्यंत एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवता येतात, पण अशा कारणासाठी १० लाख रुपयांवरच्या रकमेवर सध्या २० टक्के टीसीएस हा आगाऊ कर कापतात. रिटर्नमध्ये तो वळता होतो, तोवर पैसा अडकतो. अनिवासी झाल्यावर एलआरएस बंद, मग एनआरओ या अनिवासींच्या खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत. ब्रोकर पैशाचा उगम विचारतो. प्लॉट विकून पैसे आणणार असाल तर मराठी खरेदीखताचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद आत्ताच करून घ्या, ब्रिटनला आल्यावर तो मिळवणं डोकेदुखी आहे.

विमा कंपनी तुमचा अनुभव विचारणार, आणि थर्ड पार्टी विम्याशिवाय मरीना जागा देत नाही. उरलेल्या चार महिन्यांत आरवायएचा डे स्किपर हा बोट चालवण्याचा थिअरी कोर्स घरी बसून ऑनलाइन करा. पाच दिवसांचं प्रात्यक्षिक मात्र साउदॅम्प्टनजवळच्या सोलंट सामुद्रधुनीतच घ्या: साउदॅम्प्टनला लागोपाठ दोनदा भरती लागते, आणि त्या पाण्याचा अंदाज उजनीवर होडी मारून येत नाही.